थेमिस्टोक्लीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथेन्सचा नेता आणि सेनानी थेमिस्टोक्लीस याच्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व वर्षे इसवी सनापूर्वीची आहेत. अपवाद असेल तेथे तसे म्हटले आहे.

१. थेमिस्टोक्लीस नेमका कोण होता?

थेमिस्टोक्लीस (सुमारे ५२४ ते ४५९) हा अथेन्स या ग्रीक नगरराज्याचा राजकीय पुढारी आणि सेनानी होता. ४९३/२ मध्ये तो आर्कन, म्हणजे त्या वर्षाचा प्रमुख अधिकारी, झाला आणि त्याने पिरेअस येथे तटबंदीयुक्त बंदर उभारण्याचे काम सुरू केले. तोवर अथेन्सची जहाजे फालेरॉनच्या उघड्या किनाऱ्यावर ओढून ठेवली जात असत. पर्शियाचा सम्राट झर्क्सीस याने ४८० मध्ये ग्रीसवर स्वारी केली तेव्हा अथेन्सच्या आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे होते, आणि सलामिसच्या सामुद्रधुनीतील विजय मुख्यतः त्याच्या आखणीचा होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच अथेन्सकरांनी त्याला शहराबाहेर घालवले आणि त्याची अखेरची वर्षे झर्क्सीसच्याच मुलाच्या आश्रयाला गेली. संकट दारात येण्याआधी तयारी करणे आणि आपला डाव आपल्या लोकांनाही पुरता न सांगणे, अशा दोन सवयी त्याच्या चरित्रात सर्वत्र शेजारी शेजारी दिसतात. पहिलीने अथेन्स वाचले. दुसरीने त्याच्यावरचा लोकांचा विश्वास पोखरला.

२. ‘४९३/२’ असे दुहेरी वर्ष का लिहितात?

अथेन्सचे नागरी वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपत असे, त्यामुळे एका आर्कनची कारकीर्द आपल्या गणनेतल्या दोन वर्षांत विभागली जाते. घटना त्यांतल्या कोणत्या अर्ध्या भागात घडली हे निश्चित नसेल तर इतिहासकार दोन्ही आकडे देतात.

३. तो गरीब घरातला होता आणि त्याची आई परदेशी होती, असे वाचले. हे खरे आहे का?

त्याच्या वडिलांचे नाव निओक्लीस. ते फ्रेआरिओई या गावाच्या नोंदीतले नागरिक आणि लायकोमिड या जुन्या पुरोहित कुळाशी संबंधित होते. पर्शियनांनी जाळलेले फ्लाया येथील या कुळाचे देवस्थान पुढे थेमिस्टोक्लीसनेच पुन्हा उभारल्याचे त्याचा प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्यामुळे ‘गरीब घरातला’ हे वर्णन अतिशयोक्त आहे. घराणे राजकारणात पुढे आलेले नव्हते, एवढेच म्हणता येते. आई अथेन्सची नव्हती हे प्राचीन लेखक सांगतात, मात्र ती थ्रेसची की आशिया मायनरमधील कॅरियाची, याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा नियम पेरिक्लीसने ४५१ मध्ये आणला. थेमिस्टोक्लीसच्या तरुणपणी परदेशी आई असणे कायद्याने अडचणीचे नव्हते. अथेन्सच्या लोकशाहीची घडी बसवणारा क्लाइस्थेनीस आणि थेमिस्टोक्लीसचा प्रतिस्पर्धी किमॉन, दोघांच्याही आई बाहेरच्याच होत्या.

४. चांदीच्या खाणीचा पैसा लोकांना न वाटता त्याने जहाजांवर खर्च करायला लावला. लोक कसे तयार झाले?

अॅटिका प्रदेशाच्या दक्षिण टोकाला लॉरिऑन येथे सरकारी मालकीच्या चांदीच्या खाणी होत्या. ४८३/२ मध्ये तेथे मोठा साठा हाती लागला. एका प्राचीन नोंदीनुसार त्यातून राज्याच्या तिजोरीत १०० टॅलंट जमा झाले. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. ही रक्कम प्रत्येक नागरिकाला १० द्राख्मे (चांदीची नाणी) याप्रमाणे वाटावी असा प्रस्ताव पुढे होता आणि तो त्या काळाच्या रीतीला धरूनच होता, कारण राज्याचे उत्पन्न ही नागरिकांची सामाईक मिळकत मानली जाई.

थेमिस्टोक्लीसने सभेत पर्शियाचे नाव पुढे केले नाही. पर्शिया दूर होता, आणि ४९० मध्ये मॅरेथॉनला त्याचा पराभव झाल्यामुळे तो धोका टळला असे बहुतेकांना वाटत होते. त्याने बोट दाखवले ते एजिना बेटाकडे. अथेन्सच्या समोरच असलेल्या या व्यापारी प्रतिस्पर्ध्याशी युद्ध चालू होते आणि त्याची जहाजे किनाऱ्यावरून दिसत असत. लोकांना पटले आणि जहाजे बांधली गेली. पर्शियन युद्धांचा इतिहास लिहिणारा हिरोडोटस त्यांची संख्या २०० देतो, तर दुसरी परंपरा १००. ही जहाजे ज्या कारणासाठी बांधली त्यासाठी वापरावी लागलीच नाहीत, असे हिरोडोटस नोंदवतो. माझ्या मते थेमिस्टोक्लीसच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय सलामिसचा नसून हा आहे; सलामिसला जे लढले ते या ठरावातून तयार झालेले आरमार होते.

५. ट्रायरीम हे जहाज नेमके कसे होते?

प्रश्न ४ मधली जहाजे याच प्रकारची होती. ट्रायरीम हे सुमारे ३७ मीटर लांबीचे, अरुंद आणि हलके लढाऊ जहाज होते. त्यावर १७० वल्हेकरी एकावर एक अशा तीन रांगांत बसत. सुकाणू धरणारा, इतर खलाशी आणि थोडे सैनिक धरून एकूण माणसे सुमारे २०० होत. नाळेवर पाण्याच्या पातळीजवळ ब्राँझने मढवलेला टोचा असे आणि त्याने शत्रूच्या जहाजाची कूस फोडणे हे मुख्य शस्त्र होते. जहाजावर झोपायला किंवा स्वयंपाकाला जागा नसल्यामुळे ते शक्य तेथे रात्री किनाऱ्याला लावावे लागे.

अथेन्सचे वल्हेकरी म्हणजे साखळदंडाने बांधलेले गुलाम, ही समजूत चुकीची आहे. ते बहुतांशी मोलमजुरी करणारे स्वतंत्र नागरिक होते. चिलखत आणि ढाल विकत घेण्याची ऐपत नसलेल्या या वर्गावर शहराचे संरक्षण अवलंबून राहू लागले, आणि पुढच्या अर्धशतकात अथेन्सच्या लोकशाहीत त्यांचे वजन वाढले ते याच बळावर.

६. डेल्फीच्या कौलातली ‘लाकडी भिंत’ म्हणजे काय?

स्वारीपूर्वी अथेन्सने डेल्फीच्या अपोलोला कौल लावला. पहिले उत्तर पळून जाण्याचे होते. दूतांनी पुन्हा विनवणी केल्यावर मिळालेल्या उत्तरात, केवळ लाकडी भिंत अभेद्य राहील असे म्हटले होते आणि शेवटी ‘दिव्य सलामिस’ मातांच्या मुलांचा नाश करील अशी ओळ होती. काही वृद्धांनी लाकडी भिंतीचा अर्थ अॅक्रोपोलिस या शहरातल्या गडाभोवतीचे जुने काटेरी कुंपण असा लावला, तर कौल सांगणाऱ्या जाणत्यांनी सलामिसला पराभव होईल असे बजावले. थेमिस्टोक्लीसचा युक्तिवाद असा की मरणारी मुले आपली असती तर देवाने सलामिसला ‘दिव्य’ न म्हणता ‘निर्दय’ म्हटले असते. म्हणून लाकडी भिंत म्हणजे जहाजे आणि मरणारे ते शत्रू. सभेने त्याचे ऐकले. काही मोजके लोक अॅक्रोपोलिसवर लाकडी फळ्यांचा आडोसा करून राहिले आणि पर्शियनांनी त्यांना तेथेच मारले.

७. ग्रीक आरमाराचा सरसेनापती तो नव्हता, मग श्रेय त्याला का?

सरसेनापती स्पार्टाचा युरिबायडीस होता. सर्वाधिक जहाजे अथेन्सची असूनही इतर राज्ये अथेन्सच्या हाताखाली लढायला तयार नव्हती आणि अथेन्सने तो हट्ट सोडून दिला. परिणामी थेमिस्टोक्लीसला प्रत्येक निर्णय हुकमाने नव्हे तर समजावून, धाक घालून किंवा पैसे देऊन करून घ्यावा लागला. सलामिसच्या आधीची लढाई झाली त्या आर्टेमिसियम येथे युबिया बेटाच्या रहिवाशांनी आरमार तेथेच थांबावे म्हणून त्याला ३० टॅलंट दिले; त्यातले ५ त्याने युरिबायडीसला आणि ३ कॉरिंथच्या अडायमँटसला दिले व उरलेले स्वतःकडे ठेवले, असे हिरोडोटस म्हणतो.

सलामिसला बहुतेक सेनापतींना कॉरिंथच्या संयोगभूमीकडे माघार घ्यायची होती. तेव्हा थेमिस्टोक्लीसने निर्वाणीचे सांगितले की येथे लढणार नसाल तर अथेन्सकर बायकामुलांना घेऊन इटलीतल्या सिरिसला कायमचे निघून जातील. युरिबायडीसने काठी उगारली तेव्हा ‘मार, पण ऐक’ असे तो म्हणाल्याची प्रसिद्ध गोष्ट प्लुटार्कची आहे. हिरोडोटसमध्ये ती नाही, त्यामुळे ती जपूनच वापरावी.

८. सलामिसची लढाई कशी जिंकली गेली?

सप्टेंबर ४८० च्या अखेरीस अथेन्स रिकामे झाले होते; लोकांना ट्रोझेन, एजिना आणि सलामिस येथे हलवले होते आणि अॅक्रोपोलिस जळाले होते. थेमिस्टोक्लीसचा हिशोब साधा होता: उघड्या समुद्रात संख्येने जास्त असलेले आरमार वेढा घालू शकते, सलामिस आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात नाही. म्हणून शत्रूला आत आणणे आवश्यक होते (निरोपाविषयी प्रश्न ९ पहा).

पर्शियन जहाजे रात्रभर वाटा अडवत फिरत राहिली, त्यामुळे त्यांचे वल्हेकरी पहाटेलाच दमलेले होते. ग्रीक मात्र विश्रांती घेऊन सज्ज होते. त्यांना वेढले गेल्याची बातमी एजिनाहून आलेल्या अरिस्टायडीसने दिली, जो दोन वर्षांपूर्वी हद्दपार झालेला थेमिस्टोक्लीसचा कट्टर विरोधक होता. सकाळी पर्शियन रांगा सामुद्रधुनीत शिरल्या, तेव्हा पुढच्या जहाजांना मागे फिरायला जागा उरली नाही आणि सम्राटासमोर पराक्रम दाखवायला मागची जहाजे पुढे रेटत राहिली. त्यांची वल्ही एकमेकांत अडकली, कुशी उघड्या पडल्या. झर्क्सीस एगालेओ डोंगराच्या पायथ्याशी बसून हे पाहत होता. त्याचा भाऊ अरिआबिग्नीस या लढाईत मारला गेला. जहाज फुटल्यावर ग्रीक पोहून सलामिसला पोहोचत. शत्रूकडचे अनेक जण पोहता न आल्यामुळे बुडाले.

९. झर्क्सीसला खोटा निरोप पाठवल्याची गोष्ट विश्वासार्ह आहे का?

थेमिस्टोक्लीसने आपल्या मुलांचा सांभाळ करणारा गुलाम सिकिनस याला नावेतून पर्शियन तळावर पाठवले आणि ‘ग्रीक पळून जाण्याच्या बेतात आहेत, आत्ताच वाट अडवा’ असा निरोप दिला. या गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा एस्किलस या नाटककाराचा आहे. तो स्वतः त्या युद्धात लढलेला होता आणि ४७२ मध्ये, म्हणजे प्रेक्षकांत सलामिसचे शेकडो वल्हेकरी बसलेले असताना, त्याने अशा निरोपाचा प्रसंग रंगभूमीवर सांगितला. नावे त्याने घेतली नाहीत, पण संपूर्ण बनाव त्या प्रेक्षकांपुढे टिकला नसता. हिरोडोटस पुढे सांगतो की सिकिनसला पैसा आणि थेस्पिए या शहराचे नागरिकत्व मिळाले. निरोपामुळेच पर्शियन आत शिरले की ते तसेही शिरणार होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. निरोप गेला, हे मानायला मला अडचण दिसत नाही.

१०. जहाजांचे वेगवेगळे आकडे दिसतात. कोणता धरावा?

ग्रीक बाजूसाठी एस्किलस ३१० आणि हिरोडोटस ३७८ (नंतर येऊन मिळालेली दोन धरून ३८०) जहाजे देतो, त्यांपैकी १८० अथेन्सची. हिरोडोटसने राज्यवार दिलेल्या आकड्यांची बेरीज मात्र ३६६ भरते. पर्शियन बाजूचा १,२०७ हा आकडा स्वारीच्या सुरुवातीचा आहे आणि वाटेत वादळांत बरीच जहाजे गेली होती. म्हणून सलामिसला १,२०७ जहाजे लढली असे लिहू नये. ग्रीकांपेक्षा पर्शियन आरमार मोठे होते, एवढे निःशंकपणे लिहावे.

११. सलामिसने युद्ध संपले का? आणि त्याचा सन्मान झाला का?

युद्ध संपले नाही. झर्क्सीस परत गेला, पण पर्शियन सेनापती मार्डोनियसच्या हाताखाली मोठे सैन्य ग्रीसमध्येच राहिले आणि त्याचा पराभव ४७९ मध्ये प्लाटिया येथे स्पार्टाच्या पॉसेनिअसने केला. त्या वर्षी अथेन्सचे नेतृत्व अरिस्टायडीस आणि झँथिपस यांच्याकडे होते. थेमिस्टोक्लीस कोठेही अग्रभागी दिसत नाही.

सन्मानाविषयी हिरोडोटसने दिलेला प्रसंग बोलका आहे. सर्वोत्तम योद्धा निवडण्यासाठी सेनापतींनी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची मते दिली, तेव्हा पहिले मत प्रत्येकाने स्वतःलाच दिले आणि दुसरे बहुतेकांनी थेमिस्टोक्लीसला. स्पार्टाने मात्र त्याला ऑलिव्हचा मुकुट व उत्तम रथ दिला आणि निरोपाला ३०० निवडक सैनिक सीमेपर्यंत पाठवले.

१२. अथेन्सचा तट बांधताना त्याने स्पार्टाला कसे फसवले?

युद्धानंतर स्पार्टाने अथेन्सला तट बांधू नका असे सुचवले. थेमिस्टोक्लीस स्वतः दूत म्हणून स्पार्टाला गेला आणि सहकारी दूत अजून आले नाहीत या सबबीवर बोलणी लांबवत राहिला. इकडे बायकामुलांसह सारे शहर तट बांधत होते. अफवा पोहोचल्या तेव्हा त्याने स्पार्टाला स्वतःची माणसे पाठवून खात्री करून घ्यायला सांगितले आणि त्याच वेळी अथेन्सला गुप्त निरोप दिला की आपले दूत सुखरूप परत येईपर्यंत त्या माणसांना अडवून ठेवा. तट पुरेसा उंच झाल्यावर त्याने उघडपणे सांगितले की अथेन्स आता आपले हित स्वतः ठरवील.

अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो की घाईत थडग्यांचे दगड आणि घडीव शिळाही तटात घातल्या गेल्या. उत्खननाने हे अक्षरशः खरे ठरवले. इसवी सन १९२२ मध्ये या तटातून निघालेल्या एका पुतळ्याच्या चौथऱ्यावर वाकड्या काठ्या घेऊन चेंडूसाठी समोरासमोर वाकलेली दोन मुले कोरलेली आहेत. हॉकीची आठवण करून देणारे ते शिल्प आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

१३. ज्याने शहर वाचवले त्यालाच हद्दपार का केले?

सुमारे ४७१ मध्ये त्याच्यावर ऑस्ट्रॅसिझमचा प्रयोग झाला. या पद्धतीत नागरिक फुटक्या मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या माणसाचे नाव कोरत आणि किमान ६,००० खापऱ्या जमल्या तर सर्वाधिक मते मिळालेल्याला दहा वर्षे शहर सोडावे लागे. कारणे अनेक होती. किमॉनचा गट स्पार्टाशी मैत्रीच्या बाजूने होता, तर थेमिस्टोक्लीस स्पार्टाकडे संशयाने पाहत होता. त्याच्या मिळकतीविषयी कुजबुज होती. अँड्रॉस बेटाकडून पैसे मागताना आपण ‘मनधरणी’ आणि ‘सक्ती’ या दोन देवतांसह आलो आहोत असे तो म्हणाला होता, तेव्हा आपल्याकडे ‘गरिबी’ आणि ‘लाचारी’ या दोन देवता ठाण मांडून आहेत असे उत्तर बेटाने दिले. शिवाय आपल्या घराजवळ त्याने आर्टेमिस देवीचे ‘उत्तम सल्ला देणारी’ या नावाने देऊळ बांधले, आणि तो सल्ला कोणाचा हे लोकांना सांगावे लागले नाही.

विरोध संघटित होता, याचा पुरावाही सापडला आहे. अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीतून थेमिस्टोक्लीसचे नाव असलेल्या सुमारे १९० खापऱ्या निघाल्या आणि त्यांवरचे हस्ताक्षर केवळ १४ जणांचे आहे. कोणीतरी त्या आधीच कोरून वाटण्यासाठी तयार ठेवल्या होत्या. त्या कोणत्या वर्षीच्या मतदानासाठी होत्या हे मात्र सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यांना थेट ४७१ चा पुरावा म्हणू नये.

१४. ऑस्ट्रॅसिझम आणि देशद्रोहाचा खटला ही एकच शिक्षा होती का?

नाही, आणि येथे सर्वाधिक गोंधळ होतो. ऑस्ट्रॅसिझममध्ये आरोप, साक्षी किंवा गुन्हा नसे. माणसाची मालमत्ता आणि नागरिकत्व कायम राहत असे. थेमिस्टोक्लीस त्या काळात आर्गॉसला राहत होता. नंतर स्पार्टाने आपल्याच पॉसेनिअसवर पर्शियाशी संधान बांधल्याचा ठपका ठेवला आणि त्या कागदपत्रांत थेमिस्टोक्लीसही गुंतल्याचे अथेन्सला कळवले. त्यानंतर त्याला पकडण्यासाठी माणसे सुटली, तो पळाला, आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला देशद्रोही ठरवून मालमत्ता जप्त झाली.

१५. तो पर्शियाला कसा पोहोचला आणि तेथे काय करत होता?

तो आधी कोर्सिरा बेटावर आणि तेथून मोलोसियनांचा राजा अॅडमीटस याच्याकडे गेला. या राजाशी त्याचे पूर्वी वाकडे होते, म्हणून राणीच्या सांगण्यावरून राजाचे मूल मांडीवर घेऊन तो चुलीजवळ शरणागत म्हणून बसला, आणि राजाने त्याला पाठलाग करणाऱ्यांच्या हवाली केले नाही. पुढे पिड्नाहून जहाजाने तो आशिया मायनरच्या किनाऱ्यावर पोहोचला. वादळाने जहाज नॅक्सॉसला वेढा घालून बसलेल्या अथेन्सच्या आरमाराजवळ नेले, तेव्हा त्याने कप्तानाला आपली ओळख सांगून धमकीही दिली आणि बक्षिसाचे वचनही दिले.

थ्युसिडिडीसच्या मते त्याने झर्क्सीसचा नुकताच गादीवर आलेला मुलगा आर्टाझर्क्सीस याला पत्र लिहिले, एक वर्षाची मुदत मागितली आणि त्या वर्षात पर्शियन भाषा व चालीरीती शिकून घेतल्या. राजाने त्याला तीन शहरे नेमून दिली: भाकरीसाठी मॅग्नेशिया, वाइनसाठी लॅम्प्सॅकस आणि तोंडीलावण्यासाठी मायस. एकट्या मॅग्नेशियाचे उत्पन्न वर्षाला ५० टॅलंट होते. तेथे त्याने स्वतःच्या नावाची चांदीची नाणी पाडली आणि त्यातली काही आजही उपलब्ध आहेत.

१६. मग तो देशद्रोही होता का?

दोन काळ वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पळण्यापूर्वीच्या कारस्थानाचा आरोप स्पार्टाकडून आला, जेथे तटाचा प्रसंग (प्रश्न १२) विसरला गेला नव्हता, आणि अथेन्समध्ये तो उचलून धरणारे त्याचे राजकीय शत्रू होते. थ्युसिडिडीसने त्याच्या अपराधाचा कोणताही पुरावा नोंदवलेला नाही. माझ्या मते हा आरोप सिद्ध झालेला नाही. पळाल्यानंतर त्याने शत्रूची चाकरी पत्करली हे निर्विवाद आहे. मात्र त्याने अथेन्सविरुद्ध सैन्य नेल्याची नोंद नाही. सलामिसनंतर त्याने झर्क्सीसला दुसरा निरोप पाठवून ‘मीच ग्रीकांना पाठलागापासून रोखले’ असे कळवले होते आणि त्याच उपकाराचा दाखला पुढे झर्क्सीसच्या मुलापुढे ठेवला. त्याने आश्रयाची तजवीज तेव्हापासूनच केली होती, असे हिरोडोटस सुचवतो. हिरोडोटसला माहिती देणाऱ्यांत त्याचे विरोधक होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. थ्युसिडिडीस मात्र शिक्षणापेक्षा उपजत बुद्धीने प्रसंग ओळखण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असा निर्वाळा देतो, आणि तो लेखक स्तुतीत हात आखडता घेणारा आहे.

१७. बैलाचे रक्त पिऊन त्याने आत्महत्या केली का?

ती दंतकथा आहे. ती ४२४ पर्यंत अथेन्समध्ये एवढी रुळली होती की अॅरिस्टोफेनीसच्या एका विनोदी नाटकात तिचा उल्लेख येतो. बैलाचे रक्त विषारी नसते. आजाराने मृत्यू झाला असे थ्युसिडिडीस सांगतो, आणि राजाला दिलेली वचने पुरी करणे अशक्य वाटल्यामुळे विष घेतल्याची वदंता केवळ नोंदवतो. मॅग्नेशियाच्या बाजारचौकात त्याचे स्मारक होते. त्याच्या इच्छेनुसार अस्थी गुप्तपणे अॅटिकात पुरल्या असे नातेवाईक सांगत. देशद्रोही ठरलेल्याला तेथे पुरण्यास कायद्याने मनाई होती.

१८. ट्रोझेनचा ‘थेमिस्टोक्लीसचा ठराव’ अस्सल आहे का?

ट्रोझेन येथे सापडलेल्या आणि इसवी सन १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शिलालेखात शहर रिकामे करून पुरुषांनी जहाजांवर चढावे असा थेमिस्टोक्लीसचा ठराव आहे. अक्षरवळण इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांचे आहे. त्यात स्थलांतराचा निर्णय आर्टेमिसियमच्या लढाईपूर्वीच झालेला दिसतो, तर हिरोडोटसनुसार शहर सोडण्याचा पुकारा नंतर झाला. काही अभ्यासक त्याला मूळ ठरावाची संस्कारित नक्कल मानतात, तर काही नंतरच्या देशाभिमानी काळातली रचना मानतात. म्हणून यातील मजकूर ४८० चा दस्तऐवज म्हणून जसाच्या तसा उद्धृत न करता, तिसऱ्या शतकातील लोकांना तो प्रसंग कसा आठवत होता याचा पुरावा म्हणून वापरणे सुरक्षित आहे.